कड्यावरचे दोघे

कॉलरला लावलेल्या माइकची चिमटी – काळी, नखाएवढी, वर स्पंजची टोपी – नीट बसली नव्हती, हनुवटीला लागत होती, म्हणून तो मान जरा उजवीकडे धरून समोरच्या कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत बोलत होता, 'विद्यार्थी मित्रहो, आता आपण आकृती सात पूर्णांक तीनकडे वळू', तेवढ्यात रेकॉर्डिंगवाल्याने काचेपलीकडून हात वर केला. हात वर म्हणजे थांबा. तो थांबला. त्याला वाटलं, माइकच. पण रेकॉर्डिंगवाला आत आला तेव्हा त्याच्या हातात फोन होता, बाहेर ठेवायला लावलेला. "सर, घरून... म्हणजे तुमच्या बिल्डिंगमधून आहे." फोनवर शेजारचा कोणी बोलत होता. जिना, वहिनी, पडल्या – असे सुटे शब्द येत होते, प्रत्येक शब्द कळत होता, आणि तो नुसता 'हो, हो' म्हणत होता, पत्ता लिहून घेतल्यासारखा. दवाखान्यात पोचल्यावर कोणीतरी सांगितलं, तुमच्या गळ्यात वायर लोंबतेय. चिमटी तशीच कॉलरला होती. डॉक्टर त्या चिमटीकडे बघत म्हणाला, "आणलं तेव्हाच संपलं होतं."

ती पायरीवरून खाली पडली. की पाडली. एवढाच प्रश्न आहे.

सकाळी उठल्यावर तो आधी न्हाणीघरातला नळ सोडतो. खाली बादली ठेवत नाही. पाणी फरशीवर पसरतं, कोपऱ्यातल्या फटीत शिरतं आणि खालच्या मजल्यावर गळक्याच्या छतात झिरपतं. गळका हे नाव तिनं ठेवलेलं. खालचा माणूस गाडी चालवायला शिकवायचा आणि आठवड्यातून एकदा छताच्या डागाचा फोटो घेऊन वर यायचा. दार लावल्यावर ती म्हणायची, "छत गळतं की हाच गळतो, कळायला मार्ग नाही," आणि पदर तोंडाला लावून हसायची. दुरुस्ती करायची होती. कारागीर आज येतो, उद्या येतो... त्या दिवशी ती बाजारात निघाली होती, गळका त्याच्या दारात उभा होता, आवाज चढले. पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी तिचं वाक्य ऐकलं – 'हात लावू नका.' मग धडधड. गळका म्हणतो, पाय घसरला, मी धरायला गेलो. पोलिसांनी नेलं, जामिनावर सोडलं, आणि आता तो पुन्हा खाली राहतो. त्याच्या कुकरच्या शिट्ट्या मला वर ऐकू येतात. त्याला भूक लागते.

नळ तो मोठा करतो.

माणसाला मारण्याच्या पुष्कळ रीती त्याला येतात. मान तोडणं, बाण, कातडी सोलणं, गळ्यात दगड बांधून पाण्यात सोडणं – वर्षानुवर्षं चित्रं दाखवून हेच तर समजावून सांगितलं, शांत आवाजात, लाल रंग कुठे ठेवलाय म्हणून डोळा कुठे जातो, पात्याची तिरपी रेघ चित्राचे दोन भाग कसे करते. तेव्हा हे शब्द होते. आता दाढी करताना तो गळक्याला सोलतो, कानापासून सुरुवात करून, सावकाश. बटाटे चिरताना त्याची बोटं चिरतो, आधी अंगठे. कधी वरवंटा दोन्ही हातांनी उचलून उभा राहतो, खाली जिथे गळक्याचा पलंग असेल त्या जागेवर, आणि वरवंटा जमिनीवर टाकतो. फरशीला तडे गेलेत. खालून कोणी काही बोलत नाही. बोलायला हवं होतं... काही बोलला असता तर मी खाली गेलो असतो.

फोन वाजला. मेहुणी. तिच्यापेक्षा धाकटी, आवाज मात्र तोच, फक्त जरा घाईचा.

"भाऊजी, ते फुटेज बघितलंत?"

"नाही."

"सोमवारी जबाब द्यायचाय तुम्हाला. इन्स्पेक्टरचा मला दोनदा फोन आला. तुम्ही उचलत नाही म्हणे."

"तू बघितलंयस ना. तूच दे."

"मला नाही विचारलेलं त्यांनी."

"काय दिसतं?"

तिच्या मागे कुठे तरी मिक्सर चालू होता, तो बंद झाला.

"मी सांगितलं तर तुम्हाला तेच दिसेल," ती म्हणाली. "ताई तुमची नक्कल करायची, आठवतं? आधी नाव वाचू नका, आधी चित्र बघा. हात मागे बांधून करायची. बघा मग आता. आणि खा काहीतरी."

जिन्यातल्या कॅमेऱ्याचं फुटेज इन्स्पेक्टरनं पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलं होतं. चांगला माणूस. टोपी काढून बसला होता. "कोन वाईट आहे साहेब," म्हणाला, "सगळं पाठीमागून दिसतं. आमच्यात चौघांनी बघितलं. दोघं म्हणतात ढकललं, दोघं म्हणतात धरायला गेला. तुमचं तर डोळ्यांचंच खातं. आणि बाईंना तुम्ही ओळखता, त्या वळायच्या कशा, पाऊल कसं टाकायच्या. तुम्ही सांगाल त्याला वजन राहील." डोळ्यांचंच खातं. ढकलताना दिसला तर काय करायचं ते ठरलेलं आहे, त्यात अवघड काही नाही. पण हात धरायला गेलेला दिसला तर... तर हे सगळं कुठे ठेवायचं? सकाळी उठायचं कशासाठी?

दहाला संपर्कसत्र. दूरशिक्षणात विद्यार्थी म्हणजे पडद्यावरचे काळे चौकोन, प्रत्येकात एक अक्षर. चेहरा कोणी दाखवत नाही. कोणी दुकानात बसून ऐकतं, कोणी बसमधून, एका बाईचं बाळ मागे रडत असतं. घटक सात, चित्रातील हिंसा. हा घटक त्यानंच लिहिलेला – उद्दिष्टं, विवेचन, मग चौकटीत 'तुमची प्रगती तपासा', आणि उत्तरासाठी पाच रिकाम्या ओळी. आकृती सात पूर्णांक चार : 'कड्यावरचे दोघे', चित्रकार अज्ञात. एका माणसाचा पाय कड्यावरून सुटलाय, दुसऱ्याचा हात त्याच्या छातीपाशी. त्यानं लिहिलंय, 'ढकलणाऱ्याची बोटं ताठ आहेत, त्यातून त्याचा निर्धार व्यक्त होतो.' पुस्तकातून त्यानं ते वाक्य वाचून दाखवलं.

"सर, एक शंका." हा दंतवैद्य. दर सत्रात याला शंका येते. "पेशंट तोंड उघडून बसलाय, तेवढ्यात विचारून घेतो. मी हे चित्र संग्रहालयाच्या साइटवर मोठं करून बघितलं. बोटं ताठ नाहीत. आत वळलीत. सदरा पकडल्यासारखी."

"छपाईत तसं दिसतं."

"नाही, छपाईत काहीच दिसत नाही, छपाईत नुसता डाग आहे. मी साइटवरचं म्हणतोय. हा माणूस याला धरतोय की काय?"

"चित्राला परंपरेनं 'खून' असंच म्हटलं जातं."

"ते नंतर कोणीतरी म्हटलं असणार ना सर. तुम्हीच सांगता, आधी नाव वाचू नका. ढकलायला तळवा लागतो हो. मी धाकट्या भावाला तलावात ढकलायचो, मला विचारा." आणि तो हसला, सहज, चांगल्या घरातल्या माणसासारखा.

कानशिलात काहीतरी तटकन तुटलं. इकडे त्याचा हात टेबलावर आदळला, कप उडाला, चहा कीबोर्डवर गेला. "ढकलतोय," तो म्हणाला. "तो ढकलतोय. डोळे आहेत ना तुम्हाला? माणूस खाली चाललाय आणि तुम्हाला त्याच्या बोटांचं पडलंय? तुम्ही दात उपटा, दात. लिहून घ्या सगळ्यांनी. ढकलतोय. हात लावू नका म्हणत होती ना ती, मग लावला कशाला हात, कशाला..."

काळे चौकोन. बाळसुद्धा गप्प झालं. मग पडद्याच्या कडेला कोणीतरी टाइप केलं : 'आवाज फाटतोय सर.'

"सॉरी सर," दंतवैद्य हळू म्हणाला. त्याला काही ठाऊक नव्हतं. कोणालाच नव्हतं. सगळे लांबचे.

त्यानं घसा साफ केला आणि पुढच्या आकृतीकडे वळला. उरलेला तास नीट झाला, नेहमीपेक्षा नीट.

सत्र संपल्यावर त्यानं ते चित्र साइटवर उघडलं. प्रत्यक्ष ते त्यानं कधी पाहिलेलं नव्हतं, तेवढा प्रवास कधी झालाच नाही. लिहिताना समोर होती ती एका जुन्या पुस्तकातली काडेपेटीएवढी आकृती. आता बोट पडद्याइतकं मोठं झालं. नखं दिसली. बोटं वळली होती का? वळली होती... थोडी. कोणाला मारताना पण बोटं वळतात. पकडून ढकलता येतं. पकडून, जवळ ओढून, मग सोडून देता येतं. त्यानं ते आणखी मोठं केलं, तेव्हा बोट राहिलंच नाही, नुसते तपकिरी चौकोन उरले. त्याला वाटलं, हा दंतवैद्य समोर असता तर त्याच्याच खुर्चीत त्याला बसवून... आणि मग वाटलं, याचं काय चुकलं.

घरात ब्रेड नव्हता. तो पिशवी घेऊन बाहेर पडला.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गळका पुढे होता. खांद्यावर गुंडाळलेली गादी, दोन्ही हातांनी कवळलेली, लहान मुलीची असावी, तिच्यावर फुलं होती. गादीतून पाणी ठिबकत होतं आणि गळक्याची पाठ भिजली होती. माझं पाणी. त्याला ना बाजूचं दिसत होतं, ना खालचं, कठडा धरायला हात मोकळा नव्हता, तो पावलानं पायरी चाचपत उतरत होता. हीच पायरी. इथूनच.

मी काही ठरवलं नाही. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात गेली एवढं आठवतं. मग माझा हात त्याच्या पाठीवर होता, दोन खांद्यांच्या मधे, ओल्या सदऱ्यावर, आणि सदऱ्याखाली त्याचं अंग गरम होतं.

गळका थांबला. मान वळवता येईना. "कोण?"

"वरचा."

त्याचा श्वास हाताला लागत होता. एक आत, एक बाहेर. पाणी एकेका पायरीवर पडत होतं.

"उतरू का, साहेब?" तो म्हणाला.

वर छताला कॅमेऱ्याची काळी वाटी होती. तिला हे दिसत असणार – पाठीमागून, वाईट कोनातून – एक माणूस, त्याच्या मागे दुसरा, मधे एक हात. गादीचा भार पुढे कलला, गळक्याचं पाऊल पायरीच्या कडेवर अधांतरी गेलं, आणि पाठीवरच्या हातानं काहीतरी केलं. सदरा मुठीत आला, किंवा आधीच आलेला होता. गळका सावरला. बोटं वळली होती की ताठ होती, ते त्याला दिसलं नाही, गादी मधे होती.

मग दोघे तसेच उतरले, तळापर्यंत. गळक्यानं गादी अंगणातल्या भिंतीवर उन्हात टाकली आणि तिची फुलं वर केली.

"मुलगी खोकते," तो म्हणाला, भिंतीकडे बघत. मग वळला. "साहेब, त्या दिवशी मी..."

"बोलू नका."

"एकदा ऐकून तरी घ्या."

"तुमच्या तोंडून नको."

गळका मान हलवून आत गेला, त्याच्या जवळून, अंग चोरून. तो तिथेच उभा राहिला. हात अजून ओला होता. कोणी विचारलं असतं – इन्स्पेक्टर, मेहुणी, कोणीही – की आत्ता जिन्यात तुम्ही काय करत होता, तर हात माझाच असूनही मला सांगता आलं नसतं. मोठं करून बघितलं तरी नाही. सकाळी हातात होता तो राग तिथेच होता, तेवढाच, फक्त आता तो कोणाकडे वळवायचा हे त्याला दिसत नव्हतं आणि तो धरून ठेवायला फार जड झाला होता.

उद्या रविवार. फुटेज बघायचं राहिलं आहे.