पायाखाली रान

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आक्काताईंच्या हातातली रांगोळी सुटली. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्यांनी शहाण्या पोरीसारखी मान हलवली. पण लग्न होऊन आल्यापासून दारात रांगोळी पडल्याशिवाय या बाईनं चूल पेटवली नव्हती. महापुरानंतर नदीकाठचं गाव सोडून सांगलीत विश्रामबागेला पहिल्या मजल्यावर राहायला आल्या, तर तिथंही जिन्याच्या तोंडाशी वीतभर जागा हुडकून काढली होती त्यांनी.

आता तो जिनाच नको म्हणून लेक, ब्राह्मी, त्यांना साताऱ्याला घेऊन आली. तिच्या इमारतीला लिफ्ट होती. जावई अरिहंत सकाळीच कंपनीच्या बसनं शिरवळला जायचा, ब्राह्मी बँकेत, आणि आक्काताई किल्ल्याच्या बाजूच्या खिडकीशी खुर्चीत. अंग बसलेलं असे, बोटं मात्र बसत नसत. पदराच्या काठावर चिमूट फिरत राहायची, रांगोळी नसलेली रिकामी चिमूट.

ब्राह्मीनं ते पाहिलं आणि एका संध्याकाळी जाड कागदाची वही, रंगांची डबी आणि ब्रश आईच्या पुढ्यात ठेवला.

“हे तुझं आर्ट जर्नल. रोज मनात येईल ते काढायचं, रंगवायचं, वाटलं तर काही चिकटवायचं.”

“मला कुठं चित्रं येत्यात गं?”

“येत नाहीत म्हणून तर सुरुवात करायची. इथं मार्क नाहीत.”

आक्काताईंनी ब्रश उलटासुलटा करून पाहिला. “केस कुणाचं हायत ह्याला?”

“नायलॉनचे. तुझीच लेक आहे ना मी? विचारून आणलाय.”

मग त्या उठल्या, जैनाघरच्या सवयीनं वाटीवर फडकं धरलं आणि त्यातून पाणी गाळून घेतलं. ब्राह्मी हसायला लागली. “आई, प्यायचं नाहीये ते!”

“प्यायचं नसलं म्हणून काय झालं? पाण्यातला जीव काय विचारून मरतो व्हय, की हे प्यायचं हाय का रंगाचं?”

पण पाणी गाळून झालं तरी ब्रश काही वाटीत बुडेना. कोरं पान समोर पांढरंफेक पडलेलं, आणि हात भ्यालेला. दारातल्या रांगोळीचं कधी भ्या वाटलं नव्हतं. ती चुकली तर तळव्यानं पुसायची. बरोबर आली तरी दुपारपर्यंत पावलांनी, वाऱ्यानं, शेजारच्या कोंबड्यांनी नेलेलीच असायची. कालची रांगोळी आज जाब विचारायला येत नाही. पान मात्र राहणार. आजची चूक उद्याही तिथंच असणार आणि वही उघडली की तोंड वर करून बघणार.

दोन-तीन दिवस वही उशाशीच राहिली. शेवटी ब्राह्मीनं आपला चहाचा कप उचलला आणि त्याचं ओलं बूड पहिल्या पानावर थेट टेकवलं.

“अगं अगं! कोरी वही!”

“पहिलं पान मुद्दाम बिघडवायचं असतं आई. म्हणजे भीती जाते. आणि एक लक्षात ठेव, रंग ओला असताना वही मिटायची नाही. पानं चिकटतात.”

कप उचलला तर खाली तपकिरी कडं उमटलेलं. आक्काताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग ब्रशच्या टोकानं त्यांनी कड्याभोवती एक ठिपका दिला. एकाला सोबत म्हणून दुसरा. पान भरलं तेव्हा चहा निवून साय धरली होती.

त्यानंतर वही चालू लागली. ठिपक्यांची पानं झाली, वेलींची झाली, खिडकीत उडून आलेली गुलमोहराची पाकळी एका पानावर चिकटली. आणि मग एका दुपारी त्यांच्या मनात आलं, इथं आपण जीव काढला तर?

रांगोळीत त्यांनी कधी मोर काढला नव्हता, की राघू. सासूबाईंची सक्त ताकीद. जमिनीवर जीव काढला की त्याच्यावर पाय पडणार, पुसला की हातानं मारल्यासारखा. सासूबाई तर जत्रेतले साखरेचे हत्ती-घोडेही घरात येऊ देत नसत. खडीसाखर खावी, म्हणत; हत्तीचं मुंडकं कशाला दातानं तोडायचं? पण वहीवर कुणाचा पाय पडणार होता? इथं जीव सुखानं उभा राहील.

कुठला जीव, हे ठरवायलाच लागलं नाही. हात आपला आपण गेला. काळी पाठ, रुंद कपाळ, कपाळावर पांढरा ठिपका, आणि एक शिंग खाली वळलेलं. चांदी. त्यांची म्हैस.

पुराच्या वर्षी गावात बोट आली तेव्हा माणसांनी आधी चढायचं होतं. आक्काताईंच्या मालकांनी, महावीरअण्णांनी, गोठ्यातली सगळी दावी सोडून दिली. पाणी ओसरल्यावर बाकीची जनावरं कुठं कुठं सापडली. चांदी जिवंत आली नाही, आणि मेलेलीही कुणाला दिसली नाही. त्या दिवसापासून नवराबायकोत तिचं नाव निघालं नव्हतं. अण्णांनी पुन्हा म्हैस घेतली नाही. आक्काताईंनी का म्हणून विचारलं नाही.

पाठ मोठी झाली, डोकं त्याहून मोठं झालं, आणि पोटाखाली पायांना पुरेल एवढं पान उरलं नाही; दोन-तीन बोटांची पट्टी तेवढी. पाय राहिलेच.

नेमकी त्याच वेळी खालच्या मजल्यावरची साळूबाई दह्याची वाटी घेऊन आली. साळूबाईचे मालक, नाथाजी, फौजेतून निवृत्त झालेले, आणि साळूबाईचा आवाज त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचा.

“आवं आक्काताई, ह्ये काय म्हणायचं? म्हस हाय का रणगाडा?” तिनं खिडकीतून खाली हाक टाकली, “आवं, वर या की! तुमचा रणगाडा घावला!”

नाथाजी आले. चष्मा लावून, हात पाठीमागं बांधून त्यांनी कवायतीची पाहणी करावी तसं चित्र पाहिलं. “उगा काय बी बोलतीस. शिंगं हायत की. चांगली म्हस हाय.” मग जरा वाकले. “पर हिचं पाय कुठं गेलं, वैनी?”

आक्काताईंचं बोट पोटाखालच्या रिकाम्या पट्टीवर जाऊन थांबलं. साळूबाई हसता हसता थांबली, दही फ्रीजमध्ये ठेवते म्हणाली आणि नवऱ्याला दंडाला धरून घेऊन गेली.

पाय कुठं गेले. इतकी वर्षं हेच तर त्यांनी स्वतःला विचारू दिलं नव्हतं. पाय कुठं टेकले, टेकले की नाही. त्यांनी वही ओढून घेतली, पान मुठीत धरलं, शिवणीपाशी बोटं नेली. एक हिसका, की संपलं.

हात हिसका देईना. समोर काढलेला का असेना, जीव होता. कपाळावर ठिपका होता. एकदा पाण्यात सोडली तिला, आता स्वतःच्या हातानं उभी फाडायची?

संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत जेवण उरकल्यावर, त्यांनी लेकीला पान दाखवलं. चांदीचं नाव काढलं नाही. “नीट न्हाई आलं. फाडताबी येईना.”

“मग झाकून टाक. वरून एक रंग दे. जर्नलमध्ये असंच करतात, जुन्या पानावर नवीन पान.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबीतली सगळ्यात भरलेली रंगाची वडी निवडली. निळी. खालच्या कडेपासून रंग द्यायला घेतला. ब्रश या टोकाकडून त्या टोकाला जाई, निळा थर वर चढे. एक पट्टा, त्यावर दुसरा. पोटापाशी आला आणि हात थांबला. हे काय चाललंय? आपण पाणी चढवतोय.

ब्रश वाटीत पडला. पोटापर्यंत पाण्यात उभी असलेली चांदी त्यांच्याकडे बघत होती. पुढं रंग देववेना, मागं घेता येईना. ओठ मात्र हलले. जात्यावर आईच्या मांडीला टेकून ऐकलेली चाल होती, शब्द आत्ताचे:

“पाण्याला सांगते, पाणी पाण्याजागी ऱ्हावं,
माझ्या गं चांदीला पायाखाली रान द्यावं.”

ते पान तसंच राहिलं. आक्काताईंनी वहीला हात लावणं सोडलं. ब्राह्मीनं दोनदा विचारलं, मग विचारलं नाही.

रविवारी महावीरअण्णा सांगलीहून एसटीनं आले. सोबत घरच्या हळदीची पुडी, शेंगदाण्याची चटणी. लेक-जावई बाजारात गेले होते. अण्णा हातपाय धुऊन टेबलाशी बसले, समोर वही दिसली म्हणून सहज चाळायला लागले. ठिपके बघून “वा” म्हणाले. मग पान उलटलं आणि त्यांचं बोट चांदीच्या कपाळावरच्या ठिपक्यावर टेकलं.

आक्काताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. आता हे काय म्हणतात, यावर सगळा जीव गोळा झालेला.

“डावं शिंग वळलेलं व्हतं,” अण्णा म्हणाले. “तू उजवं काढलंयस.”

“वळखली म्हणायची.”

“तिला न्हाई वळखणार?”

आक्काताई हळूहळू येऊन समोर बसल्या. “दावं तुमीच सोडलं तिचं.”

“मीच. बोटीत बसल्यावर तू तोंड झाकून घेतलंस. मी बघत व्हतो. लांबपतूर शिंग दिसत व्हतं. मग आपलाच ऊस आडवा आला.”

“मला न्हाई सांगितलं कवा.”

“तू कवा विचारलंस?”

आक्काताईंनी पानावरच्या निळ्या रंगावर बोट ठेवलं. “तोंड कुणीकडं व्हतं तिचं?”

“चढाकडं,” अण्णा म्हणाले. “लिंबाच्या अंगाला. जनावर ते, वाट ठावी असती.” मग त्यांनी वही जरा फिरवली. “पर ह्यात चढ कुठाय? तिनं जायचं कुणीकडं?”

“पान संपलं.”

“ह्ये शेजारचं कोरं हाय की.”

आक्काताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग उठल्या, वाटीवर फडकं धरलं, पाणी गाळलं. शेजारच्या पानावर, मधल्या शिवणीच्या पलीकडे, त्यांनी तपकिरी रंगात काळा मिसळून लावायला सुरुवात केली. अण्णा शेजारी बसून हुकूम सोडत होते.

“आणखी जाड लाव. आपली काळी माती हाय, काय फुफाटा न्हाई. आता हिरवं. खाली घे खाली, चढ पाण्यापतूर उतरला पायजे.”

“मग तुमीच काढा की!”

“माझा हात खुरप्याचा. मोडून जाईल तुझ्या ब्रशची दांडी.”

रंग असा थापला गेला की पान फुगलं. दिवे लागले तरी वाळेना. आक्काताई अंथरुणावर आडव्या झाल्या, तेव्हा वही टेबलावर उघडी होती.

सकाळी पाहिली तर मिटलेली.

“कुणी मिटली?”

“मी,” अण्णा पिशवी भरता भरता म्हणाले. “भिंतीवर पाल फिरत व्हती. रंगात पाय चिकटला आसता बिचारीचा.”

आक्काताईंनी वही उघडायला घेतली. चढाचं पान चांदीच्या पानाला गच्च धरून बसलं होतं. जरा ओढलं तसा चर्र असा आवाज झाला. इतकं करून आता फाटणार. ब्राह्मी धावत आली. “थांब, ओढू नको!” पण आक्काताईंनी तिला हातानंच थांबवलं. नव्या बाळाच्या अंगाला चिकटलेलं फडकं सोडवावं तसं, कडेकडेनं, फुंकर घालत, त्यांनी पान सोडवलं. अण्णा पिशवी तशीच धरून उभे.

पान सुटलं. सगळं, कुठंही न फाटता.

चढावरची ओली माती पलीकडच्या पानाला लागून आली होती. निळ्या पाण्यात, चांदीच्या पोटाखाली, जिथं पाय राहिले होते तिथं, काळपट हिरव्या रंगाचा खरबरीत थर उमटला होता. धड जमीन नव्हे, धड डाग नव्हे.

ब्राह्मी म्हणाली, “अरेरे, लागलं गं सगळं. पुसूया का?”

“हात लावू नगंस,” अण्णा म्हणाले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक पानाला लागेल इतकं वाकून पाहिलं. “टेकलं म्हणायचं की गं पाय.”

आक्काताईंनी पदरानं डोळे टिपले, आणि त्याच पदरानं वहीच्या कडेला लागलेला रंगही टिपला. अण्णांची एसटीची वेळ झाली होती. ते जिन्याकडे निघाले आणि लिफ्टची आठवण होऊन परत फिरले. ब्राह्मीनं त्यांच्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं.

खिडकीखालून साळूबाईची हाक आली, “आवं आक्काताई, रणगाडा झाला का दुरुस्त?”

“वर या,” आक्काताई म्हणाल्या, “दाखवते.” आणि वही उघडीच ठेवून त्या वाटीतलं जुनं पाणी झाडाला घालायला उठल्या.