सगळ्यांना एकच साचा

जेल रोडवरच्या बुद्धविहारामागच्या खोलीत वधू-वर सूचक मंडळाचं ऑफिस होतं आणि तिथं पगारी माणूस एकच, सुवर्णा गांगुर्डे. फोन तीच घ्यायची, फॉर्म तीच भरून घ्यायची, आणि मंडळानं हौसेनं वेबसाईट काढल्यापासून ते लटांबरही तिच्याच गळ्यात पडलं होतं. लटांबर म्हणायचं कारण, जवळजवळ तीनशे उमेदवारांची पानं तीन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवाल्यांनी तीन तऱ्हांनी करून ठेवली होती. पहिल्यानं जागोजागी लुकलुकणारे गुलाब सोडले होते. दुसऱ्यानं पिवळ्यावर पांढरी अक्षरं काढली होती, ती वाचायची म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. तिसऱ्यानं निम्म्या पानांवर मंडळाचा जुना फोन नंबर तसाच ठेवला, आणि तो नंबर आता एका टायरवाल्याकडे गेला होता. स्थळाची चौकशी करणाऱ्यांना तो बिचारा ट्यूबचे भाव सांगायचा.

त्यात प्रत्येकाचं नाव तीन याद्यांत. शिक्षणाची यादी, तालुक्याची यादी, वयाची यादी. लग्न ठरलं की तिन्हीकडून नाव काढायचं, आणि एखादीकडून राहिलं की नवऱ्या मुलाचा बाप तणतणत ऑफिसात हजर. ‘आमच्याकडे साखरपुडा झाला आणि तुमच्याकडे पोरगी अजून इच्छुकच?’ सुवर्णानं असल्या माफ्या किती मागितल्या, त्याचा हिशेब तिनंही ठेवला नव्हता.

पण तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती ‘इतर’ नावाच्या पानाची. करड्या रंगाचं एकच लांबट पान. त्यावर एकवीस बायकांची नुसती नावं आणि वयं. फोटो नाही, शिक्षण नाही, काही नाही. या विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायका. बायको वारलेले आणि काडीमोड झालेले पुरुष मात्र मुख्य यादीत, फोटोसकट, कोट घालून. दोन वर्षांत त्या पानावरच्या एकाही बाईसाठी फोन आला नव्हता. सुवर्णाला हे आतून माहीत होतं. वेबसाईटच्या आधी रजिस्टर होतं तेव्हा त्याच्या मागच्या पानांवर, अशाच बायकांच्या यादीत, तिचंही नाव चार वर्षं पडून होतं. शेवटी तिनंच एके दिवशी त्यावर रेघ मारली आणि कुणाला सांगितलंही नाही.

२००४ च्या जानेवारीत देवळ्याहून भागुबाई अहिरे आल्या. दिवसभर कांद्याच्या खळ्यावर राबणारी बाई, हात पाहिले तरी कळत होतं. बरोबर सव्वीस वर्षांची शुभांगी, आणि शुभांगीच्या कडेवर चार वर्षांचा ओम.

“जय भीम ताई. नाव लिवायचंय हिचं.”

“जय भीम. मुलगी तुमची?”

“सून हाय. पोरगा जाऊन दोन वर्सं झाली. मी जित्ती हाय तवर हिचं लगीन लावून द्यायचंय मला. बालवाडीवर शिकवती, बारावी झाली हाय.”

सुवर्णानं फॉर्म भरला. मग भागुबाईंनी हट्ट धरला, की हिचं नाव जिथं दिसणार ते दाखवा. सुवर्णानं नाइलाजानं ‘इतर’ उघडलं. भागुबाईंना वाचता येत नव्हतं, पण बघता येत होतं.

“फोटू कुठं लावनार? त्या दुसऱ्या पोरींचा हाय की.”

“या पानावर फोटो नसतो, भागुबाई.”

“का बरं? मेला तो माझा पोरगा. ही तर जित्ती हाय ना?”

शुभांगी खाली मान घालून ओमच्या शर्टाची गुंडी लावत राहिली. सुवर्णानं फोटो मागून घेतला, टाचणीनं फॉर्मला लावला आणि म्हणाली, “लावते. दोन महिने द्या मला.”

म्हणाली खरी, पण कसं करायचं ते तिलाही ठाऊक नव्हतं. वाट सापडली ती वेबसाईटपायी तिनं लावलेल्या कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये. तिथल्या मॅडमनी तिला सीडीवर एक साधंसं फुकटचं सॉफ्टवेअर दिलं. त्यात माणसाची माहिती एकाच तक्त्यात एकदाच भरायची. पान कसं दिसावं, फोटो कुठं, नाव कुठं, मंडळाचा फोन कुठं, याचा एकच साचा एका फाईलमध्ये ठेवायचा. बटण दाबलं की सगळी पानं आणि सगळ्या याद्या त्या साच्यातून नव्यानं तयार. नंबर बदलला तर एका जागी बदला. लग्न ठरलं तर तक्त्यात एक खूण करा, नाव सगळीकडून गेलंच म्हणून समजा. सुवर्णाला वाटलं, इतकी वर्षं आपण नुसती हमाली केली.

मग ती इरेला पेटली. रोज ऑफिस सुटल्यावर दोन तास बसायची. जुने फॉर्म काढून एकेकाची माहिती भरायची, चुकीची जन्मसालं फोन करून विचारायची, कपाटात पडलेले त्या एकवीस बायकांचे फोटो शोधून काढायची. दोघींचे मिळेनात, तर रविवारी बसनं सिन्नरला जाऊन त्यांच्या घरून घेऊन आली. तक्त्यात ‘वैवाहिक स्थिती’ असा एक रकाना होता. तिथं जे खरं ते लिहिलं. लपवायचं काहीच नव्हतं, फक्त कोपऱ्यात बसवायचं नव्हतं. मार्च सरता सरता तीनशे बारा पानं तयार झाली, एकसारखी, स्वच्छ, पांढऱ्यावर निळी अक्षरं. गुलाब गेले त्याचं कुणाला दुःख झालं असेल तर झालं असेल.

आता प्रश्न होता सहादूभाऊ दोंदे यांचा. ते मंडळाचे अध्यक्ष. नोटांच्या छापखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. कोऱ्या करकरीत नोटांच्या तावांतून डाग पडलेली, रेघ सरकलेली नोट नजरेनं हेरून बाजूला काढायची, हे त्यांचं काम, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता. माणूस वाईट नव्हता, मंडळासाठी स्वतःची स्कूटर झिजवली होती. पण बाजूला काढायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ‘इतर’ पान त्यांचीच कल्पना.

रविवारी सकाळी समितीची बैठक बसली. पाच जणं कॉम्प्युटरभोवती खुर्च्या ओढून. सुवर्णानं सगळं दाखवलं. सहादूभाऊ आधी खूश झाले, त्यांच्या मुलीचं, तेजलचं पान दिसलं तेव्हा तर फारच. मग दोन-चार पानांनंतर शुभांगीचा फोटो आला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

“ही इकडं कशी? इतरमध्ये टाक ना हिला.”

“इतर काढून टाकलंय, भाऊ.”

“कुणाला विचारून? हे बघ सुवर्णा, माझ्या मनात काही नाही. पण पहिल्या लग्नाच्या मुलींचे आईबाप कुरकुर करतात. आमच्या मुली यांच्या रांगेत नकोत म्हणतात. आपल्याला सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं.”

“मग या बावीस जणींना कोण सांभाळून घेणार?”

“वाद नको. या बावीस जणींची पानं तू हातानं वेगळी कर.”

“राहत नाहीत तशी. हातानं केलेला बदल बटण दाबलं की पुसला जातो. या सॉफ्टवेअरला साचा एकच कळतो. जे एकाला, ते सगळ्यांना.”

“मग साचा बदल. यांना साजेलसा कर.”

ही नोकरी गेली तर दुसरी दारात उभी नव्हती. पण सुवर्णाला फॉर्मला टाचलेला तो फोटो दिसत होता. ती म्हणाली, “बरं, करते,” आणि साच्याची फाईल उघडली. फोटोची ओळ काढली. शिक्षणाची काढली. रंग करडा केला. बटण दाबलं. कॉम्प्युटर जुनाच, मिनिटभर घुरघुरत राहिला.

मग तिनं पुन्हा तेजलचं पान उघडलं. करडं पान. तेजल सहादू दोंदे, वय तेवीस. बस.

सहादूभाऊ पुढं वाकले. “हिचं बीकॉम कुठं गेलं? फोटो?”

“सगळ्यांचेच गेले.” सुवर्णानं आणखी दोन पानं दाखवली. कोटवाले बिजवरही करडे झाले होते. “नेटवर अजून काही टाकलेलं नाही, हे फक्त इथं आहे. भाऊ, तुम्हीच सांगा. या पानावरून तेजलसाठी फोन येईल?”

कोपऱ्यात बसलेल्या अक्काबाई केदारे, सिव्हिल हॉस्पिटलात जन्मभर नर्स असलेल्या, एकदम म्हणाल्या, “येतो कशाला! यापेक्षा रेशन कार्डावर जास्त माहिती असते.”

कुणी हसलं नाही. सहादूभाऊंना राग आला होता, कान लाल झाले होते. आपल्या पोरीचं नाव तसं उघडंबोडकं बघणं त्यांना सोसत नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे बघितलं.

“फोटो परत लाव,” ते म्हणाले.

“कुणाचे?”

“काय ते... लाव म्हटलं ना.”

“कुणाचे, भाऊ? मला स्पष्ट सांगा. इतिवृत्तात लिहायचंय.”

“सगळ्यांचे,” सहादूभाऊ म्हणाले. “लिही. सगळ्यांचे.”

त्याच दुपारी सुवर्णानं साचा पहिल्यासारखा करून पानं नेटवर चढवली. फोन लाईन तीनदा तुटली, तिनं चौथ्यांदा जोडली. सगळी पानं चढेपर्यंत ती जागची हलली नाही.

बावीस दिवस काहीच झालं नाही. तेविसाव्या दिवशी मनमाडहून फोन आला. भिकन साळवे, रेल्वेत पॉइंट्समन, बायको जाऊन तीन वर्षं, सहा वर्षांची मुलगी. शुभांगी अहिरेंचं पान बहिणीनं दाखवलं म्हणाला. आवाजात संकोच होता. शुभांगीच्या नोकरीबद्दल विचारलं, मग म्हणाला, “मुलगा चार वर्षांचा लिहिलाय. त्याला शाळेत घातलंय का? नसेल तर जूनमध्ये इथं घालता येईल, आमच्या मुलीच्याच शाळेत.” सुवर्णानं रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

देवळ्यात फोन होता तो एसटीडीवाल्याकडे. निरोप जाऊन भागुबाई येईस्तोवर अर्धा तास गेला. सुवर्णानं सगळं सांगितलं, शाळेचंही सांगितलं.

“भागुबाई? ऐकू येतंय ना?”

“येतंय.”

“रडताय का तुम्ही?”

“मंग काय करू? सून चालली, नातूबी चालला. घरात मी येकलीच ऱ्हानार.” नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम करड्या आवाजात त्या म्हणाल्या, “पन त्यांना या म्हना ताई. येत्या रविवारीच या म्हना. लांबवू नका, न्हाईतर माझाच धीर सुटंल.”