उचललेली तंबाखू

ॲग्नेसआजीने लाल फडक्यात बांधलेली तंबाखू टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतला. समोर युनिस बसली होती, आणि तिला काही सांगायची गरजही नव्हती. कॅनडाच्या उत्तरेतल्या, तळ्याकाठच्या त्या क्री आदिवासींच्या वस्तीत शेंबडं पोरसुद्धा जाणतं, की काही मागायचं तर आधी तंबाखू ठेवायची. समोरच्याने ती उचलली की शब्द दिला, आणि तो आभाळ कोसळलं तरी मोडायचा नाही. जमणार नसेल तर हात लावायचा नाही, एवढंच.

"उचल ना गं," आजी शेवटी म्हणाली. "का त्यालाही दक्षिणेतल्या साहेबांची परवानगी लागते?"

"आजी, पैसे अजून मंजूर व्हायचेत. माझ्या न्यायकेंद्राची मुदत मार्चअखेर संपते."

"ती दर मार्चला संपते. दर वर्षी तू हेच रडगाणं गातेस, नि दर वर्षी पैसे येतात."

हेही खरंच होतं. युनिसचं न्यायकेंद्र म्हणजे वस्तीच्या कचेरीमागची एक खोली, एक शेगडी आणि गोल मांडलेल्या खुर्च्या. वस्तीतल्या कुणाच्या हातून काही वावगं घडलं, की कोर्ट ते प्रकरण तिच्याकडे सोपवायचं. चुकलेला माणूस, ज्याचं नुकसान झालं तो आणि चार म्हातारीकोतारी त्या खुर्च्यांवर बसायची, रडायची, भांडायची आणि काहीतरी ठरवूनच उठायची. शाळेतला स्वयंपाक सोडून युनिस या कामाला लागली, तेव्हापासून सरकारने तिला एका वर्षापलीकडचा भरवसा कधी दिला नव्हता. माणसं सुधारायला दहा-दहा वर्षं लागतात, हे सरकारला कोण सांगणार?

आजीचा नातू टायरेल काही गुंड नव्हता. शरदात दारूच्या भरात त्याने म्हाताऱ्या जोसायाची होडी पळवली, खडकावर घातली आणि मोटर तळ्याच्या तळाशी घालवली. पण आधीच्या एक-दोन भानगडी नावावर होत्या, म्हणून युनिसच्या केंद्राने त्याला ताब्यात मागितलं नाही, तर या खेपेला तुरुंग टळणार नव्हता. तुरुंग म्हणजे दूर दक्षिणेला, प्रिन्स अल्बर्टला. टायरेलचा बाप तिथेच गेला होता आणि परत आला तो पेटीतून. ती पेटी विमानातून उतरवताना युनिस धावपट्टीवर उभी होती.

तिने पुडी उचलली.

जोसायाला समजवावं लागेल असं तिला वाटलं होतं, पण तो तिच्याही पुढे होता.

"तुरुंगात बसून तो माझी मोटर वर काढणाराय का?" म्हातारा म्हणाला. "उन्हाळाभर मला दे त्याला. माझे हात बघ. चहा प्यायला लागलो तर अर्धा कुत्र्याच्या वाट्याला जातो. जाळं कोण ओढणार, तू?"

"आणि पळून गेला तर?"

"जाईल कुठे? चहूकडे पाणी. होडी एकच, नि तीत मी बसलेला!" म्हातारा खो खो हसला. मग कोपऱ्यातून रबरी बुटांची एक जोडी काढून दाखवली. ट्यूबचं ठिगळ नुकतंच लावलेलं होतं. "त्याच्यासाठी. पाय बघितलेस त्याचे? अस्वल बरं."

मार्च संपला. पैसे आले नाहीत. युनिस फोन करायची तेव्हा पलीकडची बाई फार गोड बोलायची. फाइल वर गेलीय, म्हणायची. कुणी तोंडावर नाही म्हटलं असतं तर युनिस भांडली तरी असती. गोड बोलणाऱ्याशी भांडायचं कसं? ती बिनपगारी रोज खोली उघडत राहिली. न्यायाधीशांनी दोनदा तारीख पुढे ढकलली. मे महिन्यात बर्फ फुटलं आणि न्यायाधीश-वकिलांना घेऊन येणारं कोर्टाचं विमान पुन्हा उतरलं.

शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या कड्याखाली टेबल मांडून कोर्ट बसलं. सरकारी वकील म्हणाला, जे केंद्र आज अस्तित्वात नाही, त्याच्या हवाली आरोपी करता येत नाही.

"अस्तित्वात नाही कसं?" युनिस उठून म्हणाली. "मी इथे उभी आहे की."

"बाई, तुमची नेमणूक मार्चअखेर संपली," न्यायाधीश हळूच म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. "कागदोपत्री या मुलावर देखरेख ठेवायला कुणीच नाही."

जोसाया काठी टेकत उठला. "मोटर माझी बुडाली ना? मग मी मागतोय पोरगा. मला द्या."

न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आजोबा, माझ्या हातात असतं तर दिला असता. तिसऱ्यांदा तारीख देता येत नाही."

शिक्षा आठ महिन्यांची झाली. विमानाकडे जाताना टायरेलने युनिसकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता. पोराने नुसती मान हलवली, जणू तिलाच धीर देत होता.

त्या संध्याकाळी ती पुडी घेऊन आजीकडे गेली. आजी बॅनकची भाकरी परतत होती.

"ही परत घे, आजी. मला नाही जमलं."

"उचललेली तंबाखू परत घेतात होय कुठे?" आजीने वळूनही पाहिलं नाही. "बस. खाऊन जा."

जूनमध्ये त्या गोड बाईचा फोन आला. अभिनंदन, मंजुरी मिळाली! आणि तीही एक एप्रिलपासून, मागल्या तारखेने. म्हणजे केंद्र एकही दिवस बंद नव्हतं असंच धरायचं, पगारसुद्धा सगळा मिळणार. युनिसने फोन ठेवला आणि बराच वेळ त्या गोल मांडलेल्या खुर्च्यांकडे बघत बसली. मग उठून आजीकडे गेली, कारण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला हे कळू देणं बरं नव्हतं.

आजीने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे त्या दिवशी केंद्र उघडं होतं?"

"कागदावर, हो."

"मग आण की त्याला."

"तसं होत नाही, आजी. वकिलाला विचारलं मी. अपील करता येईल म्हणाला, पण त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षाच संपेल."

आजीने दोन कपांत चहा ओतला, आणि मग सवयीने तिसराही.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनिस जोसायाच्या धक्क्यावर गेली. कुणाची तरी जुनी मोटर उसनी आणून त्याने होडीला बसवली होती. भिंतीशी ठिगळाचे बूट तसेच उभे होते. तिने ते पायात घातले. दोन जोड मोजे असूनही पाय आत खुळखुळत होते.

"तू?" म्हातारा म्हणाला. "तुझे गुडघे?"

"तुमच्या हातांपेक्षा बरे आहेत."

जाळ्याच्या खुणेपाशी त्याने मोटर बंद केली. युनिसने लाल फडकं सोडलं, पाण्याकडे काही मागायचं तर त्यालाही आधी द्यावी लागते, म्हणून सगळी तंबाखू पाण्यावर सोडली आणि फडकं घडी करून खिशात ठेवलं. मग वाकून दोर धरला. पाणी अजून बर्फासारखंच होतं. बोटं लगेच बधिरली.

"सावकाश ओढ," मागून जोसाया म्हणाला. "पोरगा येईपर्यंत पुरायचंय तुला."

ती ओढत राहिली.