ह्यांचं डोकं मुद्देमालात

आमच्या ह्यांचं डोकं सरकारजमा झालं, त्याला माझीच तक्रार कारणीभूत. मी बिस्किटांच्या कारखान्यात पुड्यांचं वजन तपासते. दोन ग्रॅम कमी भरला तर पुडा परत पाठवते. मग नव्वद दिवसांत दाट केस देणारं तेल सहा महिने चोळूनही टक्कल जसंच्या तसं राहिल्यावर मी गप्प बसणार होते थोडीच! रोज संध्याकाळी मीच ते चोळायचे, पंधरा मिनिटं, बाटलीवर लिहिलं होतं तसं गोल गोल. हे दिवसभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून यायचे आणि डोळे मिटून बसायचे.

एकाच कार्यालयात तक्रार केली असती तर निभावलं असतं. रागाच्या भरात मी राष्ट्रीय कार्यालयातही केली आणि प्रादेशिक कार्यालयातही. नेमका त्याच आठवड्यात दोघांनी ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढायचा करार केला होता आणि त्यांना पहिलं प्रकरण हवंच होतं.

एका सकाळी दोन साहेब एकदमच दारात उभे राहिले. राष्ट्रीय उंच, प्रादेशिक गोल. करार झाला होता, पण बोलणं नव्हतं. अबोला धरलेल्या जावांसारखे ते तिसऱ्याच्या तोंडून बोलायचे, आणि तिसरे म्हणजे आमचे हे.

"त्यांना सांगा, जाहिरात देशभर लागली होती. डोकं आमच्याकडे येणार," राष्ट्रीय साहेब ह्यांना म्हणाले.

"त्यांना सांगा, तेल इथे लावलं, टक्कल इथे आहे. डोकं आमचं," प्रादेशिक साहेब म्हणाले.

"अहो, डोकं माझं आहे," हे म्हणाले. त्याची नोंद कुणी घेतली नाही.

शेवटी जाहिरातीतला फोटो समोरून काढलेला, म्हणून डोक्याचा पुढचा भाग राष्ट्रीय आणि मागचा प्रादेशिक ठरला. या कानापासून त्या कानापर्यंत पेनानं रेघ मारली. रेघेच्या पुढे पांढरी पट्टी चिकटवली, मागे पिवळी, दोन्हींवर शिक्के. सुनावणीपर्यंत मुद्देमालाला हात लावायचा नाही. धुवायचं नाही, टोपी घालायची नाही, चोळणं तर नाहीच.

"किती दिवस?" मी विचारलं.

"आता दोघं मिळून करतोय म्हटल्यावर दुप्पट वेळ लागणारच की, ताई," प्रादेशिक साहेबांनी समजूत घातली.

दर सोमवारी तपासणी व्हायची. एक साहेब पुढे बसून अहवाल लिहायचे, दुसरे मागे बसून. सातव्या आठवड्यात नेमका रेघेवर एक केस उगवला. हा तर कंपनीच्या फायद्याचा पुरावा, म्हणून तो कुणालाच नको! राष्ट्रीय साहेबांच्या मते त्याचं मूळ मागच्या बाजूला होतं, प्रादेशिक साहेबांच्या मते शेंडा पुढच्या. दोन बैठका झाल्या. तिसरीच्या आदल्या दिवशी तो पंख्याच्या वाऱ्यानं गळाला, तेव्हा दोघांच्या जिवात जीव आला.

"वहिनी, दादाच्या केसालाही धक्का लावायची कुणाची टाप नाही आता!" माझी नणंद म्हणाली. मला हसू आलं नाही. हे दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. दुकानातून यायचे, नेहमीच्या खुर्चीत बसायचे, डोळे मिटायचे आणि मग एकदम आठवल्यासारखे उठून जायचे. एकदा त्या कंपनीची खोड मोडली की ह्यांच्या जिवाला बरं वाटेल, एवढ्याच आशेवर मी चार महिने काढले.

सुनावणीला ह्यांनी फक्त एक शब्द बोलायचा होता. "या तेलानं तुम्हाला काही फायदा झाला का?" कंपनीचा वकील विचारणार आणि हे "नाही" म्हणणार. तेवढं मी घरून पढवून आणलं होतं.

वकिलानं विचारलं.

"झाला," हे म्हणाले.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. वकिलाची कळी खुलली. "कोणता फायदा?"

"ही रोज माझ्या डोक्यावरून हात फिरवायची," हे खाली बघत म्हणाले. "तेल खोटं आहे हे मला पहिल्या बाटलीतच कळलं होतं. तरी संपलं की दुसरी मीच आणायचो. आम्ही दोघं तीस वर्षं दमून घरी येतोय, साहेब. बोलणं होतं ते दुधाचं आणि विजेच्या बिलाचं. त्या पंधरा मिनिटांत तर ही काहीच बोलायची नाही, पण हात..."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. आधी सांगायला काय झालं होतं? आणि मी? मी पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत मोजून चोळत होते.

दोन्ही साहेब पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून बोलले.

"फायदा झाला असं लिहायचं?"

"झाला, पण तेलानं नाही."

"मग कशानं?"

"ते आपल्या दोघांच्याही अखत्यारीत येत नाही हो."

राष्ट्रीय साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तक्रार मागे घेताय का?"

"मुळीच नाही! तेल खोटं ते खोटंच, त्यांना सोडू नका. पण डोकं आधी माझ्या ताब्यात द्या."

दोघांनी एकाच कागदावर सह्या केल्या. डोकं एक, चालू स्थितीत, तक्रारदारास परत. मी पोच दिली. पट्ट्या काढायला शिपाई पुढे आला, त्याला म्हटलं, "तुम्ही राहू द्या."

रुमाल ओला करून मी कडेकडेनं पट्ट्या सोडवल्या. खालची कातडी लहान मुलासारखी मऊ पडली होती. दोन साहेब आणि एक वकील बघत होते. बघेनात का! मी तिथेच दोन्ही तळहात ह्यांच्या डोक्यावर ठेवले.

"अगं, तेल नाहीये," हे डोळे मिटून म्हणाले.

"गप्प बसा हो," मी म्हटलं, पण आवाज काही नेहमीसारखा निघाला नाही.