कुलपातलं कांचनचं डोकं

मित्रांनो, मी एक जुनी स्कॅनची फिल्म आहे. काळी, आणि एका कोपऱ्यात वाकलेली. माझ्यावर कांचनच्या मेंदूची बारा चित्रं आहेत. त्यातल्या तिसऱ्या चित्रात एक पांढरं कडं आणि कड्याच्या आत एक ठिपका दिसतो. तो एक किडा आहे.

माझा जन्म भोपाळच्या एका स्कॅन सेंटरात झाला. शाळेत प्रार्थनेच्या वेळी फिट आली म्हणून तेरा वर्षांच्या कांचनला तिथे आणलं होतं. "हिलना मत, बेटी," तंत्रज्ञ म्हणाला, तर ती बिचारी श्वाससुद्धा चोरून घेत होती.

कारखान्याच्या वसाहतीतल्या दवाखान्यात डॉक्टर मंदाकिनीबाईंनी मला उजेडापुढे धरलं. "चित्र अगदी स्वच्छ आलंय," असं माझं कौतुकही केलं. मग म्हणाल्या, "डुकराच्या मांसात सापडणाऱ्या जंताचा हा प्रकार आहे."

झालं! पुढचं कोणी ऐकलंच नाही. कांचनचे बाबा, फोरमन दत्तात्रय मुळे, ताडकन उठले. "आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, डॉक्टर! फिल्म दुसऱ्या कुणाची तरी असेल."

आपल्याकडे फिल्म घरच्यांच्याच हवाली करतात. बाबांनी मला क्वार्टरमध्ये आणून लोखंडी कपाटात शालूंच्या खाली कोंबलं आणि किल्ली खिशात टाकली. वसाहतीत कळलं तर लोक काय म्हणतील, ही त्यांना धास्ती. औषधांची चिठ्ठी माझ्याच पाकिटात राहिली.

दोन वर्षं मी त्या अंधारात डांबराच्या गोळ्यांचा वास घेत गुदमरत होते. बाहेर कांचनचीही तीच गत. सायकल बंद, सहल बंद, मैत्रिणीकडे जाणं बंद. तिला फिट आली की धावपळ ऐकू यायची. त्या फिटचं कारण माझ्या अंगावर छापलेलं होतं आणि मला तोंड नव्हतं. मला फार राग यायचा.

एक दिवस ती पेटत्या गॅसपाशी कोसळली आणि तिचा हात भाजला. तिच्या आईने, सुमित्राबाईंनी, नवऱ्यापुढे हात पसरला. "किल्ली द्या." एवढंच म्हणाल्या. बाबांनी खिशातून काढून दिली.

मंदाकिनीबाईंनी या वेळी सगळं सांगून टाकलं. "अहो, त्यासाठी मांस खावं लागत नाही. ज्याच्या पोटात तो जंत असतो, त्याच्या शौचातून अंडी नाल्यात जातात. ते पाणी भाजीला घालतात. नीट न धुतलेली कोथिंबीरही पुरते."

नवा स्कॅन झाला. किडा मेला होता, पण त्याच्या जागी खडूसारखा कडक डाग उरला होता. "फिटच्या गोळ्या आता बरीच वर्षं घ्याव्या लागतील. कदाचित कायमच्या," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हाच आला असतात तर निदान प्रयत्न करता आला असता."

कांचनने मला पहिल्यांदाच हातात घेतलं. पट्टी बांधलेल्या हाताने खिडकीपुढे धरलं. कितीतरी वेळ बघत राहिली.

"बाबा, हे माझंच डोकं ना? मग मला का नाही दाखवलं?"



मित्रांनो, पालेभाजी चांगली धुऊन खा, हे तर सांगतेच. पण तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी फिल्म कपड्यांखाली दडवलेली असेल, तर ती आजच बाहेर काढा. आणि चित्र ज्याचं आहे, त्याला आधी दाखवा.