मग्रिजचा हात

थिम्बल स्ट्रीटवरची घरं एकाला एक चिकटलेली, आणि दोन शेजारघरांच्या शेगड्या एकाच भिंतीला टेकलेल्या. त्यामुळे बायकांना निरोप द्यायला दारापर्यंत जावं लागत नसे. हेट्टी स्प्रॅगिन आणि तिच्या शेजारची फ्लोरी बंट यांचा एकोणीस वर्षांचा ठराव होता. विस्तव सारायच्या सळईने भिंतीवर तीन ठोके पडले की चहा टाकलाय, ये. दोन पडले की नवरा घरात आहे, येऊ नकोस. फ्लोरीचा नवरा वारल्यावर दोन ठोके बंद झाले आणि तीन वाढले.

त्या मंगळवारी पहाटे जर्मन विमानांनी टाकलेला बॉम्ब नेमका फ्लोरीच्या घरावर पडला. हेट्टी तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांसारखी शाळेच्या तळघरात आसऱ्याला होती. फ्लोरी मात्र तिथे एकदाही आली नव्हती. "माझ्या जिन्याखालच्या कोठीत मी सुखाने मरेन," ती म्हणायची, "पण सगळ्या गल्लीदेखत त्या शाळेतल्या संडासाच्या बादलीवर बसणार नाही." हेट्टी यावर दरवेळी हसली होती.

सकाळी बचाव पथकाचा मग्रिज त्याची माणसं घेऊन ढिगारा उपसायला आला. लढाईआधी तो गवंडी होता, त्यामुळे कुठलं घर कसं खाली बसतं हे त्याला पक्कं ठाऊक. त्याची रीत साधी होती. तो उजवा हात उंच करायचा, की फावडी थांबायची, लॉरीचं इंजिन बंद व्हायचं, बोलणारा गप्प व्हायचा. मग तो विटांना कान लावून खालची चाहूल घ्यायचा. हात वर असेतो खोकायचंसुद्धा नाही, हे बॉम्बफेकीच्या तीन आठवड्यांत शेंबड्या पोरांनाही कळलं होतं.

अकराच्या सुमाराला हात वर गेला आणि हेट्टीला ठोके ऐकू आले. एक, दोन, तीन.

तिने मग्रिजची बाही धरली. त्यालाही काहीतरी ऐकू आलं होतं, पण खात्री नव्हती. पाण्याचा फुटका नळही असा वाजतो, तो म्हणाला.

"नळ चहाला बोलावत नाही," हेट्टी म्हणाली.

मग्रिजने तिच्याकडे पाहिलं आणि माणसांना डावीकडून खणायला लावलं. थोडं सरकलं की पुन्हा ऐकू, म्हणाला.

तेवढ्यात हवाई हल्ल्यांत गल्लीवर देखरेख ठेवणारा वॉर्डन धावत आला. राजवाड्याची मोटार कोपऱ्यावर आली होती. राजाच्या घरातली एक डचेस पडलेल्या गल्ल्या पाहत हिंडत होती. लोकांना धीर यावा म्हणून त्या घरातलं कुणी ना कुणी आताशा येतच असे. फ्लोरीने या भेटींची यथेच्छ टवाळी केली होती, आणि शेवटी म्हणाली होती, "आपल्याकडे आली तर मला हाक मार गं. मला तिची टोपी बघायचीय."

डचेस आली. निळसर झगा, चांगले बूट, आणि त्या बुटांनी ती फुटक्या विटांवरून न कुरकुरता चालली. ती नाटकी होती असं हेट्टीला पुढेही कधी म्हणता आलं नाही, म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तिचे डोळे भरले होते. वॉर्डनने हेट्टीला पुढे ढकललं. डचेसने तिचा धुळीने भरलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि घर गेलं का हो, असं विचारलं.

"अर्धं राहिलंय मॅडम. चहापुरतं."

गल्ली हसली, डचेसही हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हेट्टीला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. आणि त्याच वेळी डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला दिसलं की मागे ढिगाऱ्यावर मग्रिजचा हात वर गेलाय.

तिला तो हात कळला होता. पण कुणीतरी राजाच्या नावाने जयजयकार सुरू केला आणि सगळ्यांनी छातीतली भीती ओरडून बाहेर काढली. हेट्टीचंही तोंड उघडलं. तीन वेळा, भरल्या गळ्याने. तेवढा वेळ फ्लोरी तिच्या डोक्यातून पार गेली होती. डचेसबरोबर आलेल्या पेपरच्या फोटोवाल्याने फोटो घेतला तो तेव्हाच.

मोटार गेल्यावर गल्ली गप्प झाली. मग्रिज बराच वेळ पालथा पडून ऐकत राहिला. खाली काहीच नव्हतं.

चार वाजता फ्लोरी सापडली, जिन्याखाली, हातात सळई. ती पहाटेच गेली असणार, मग्रिज हळूच म्हणाला.

"मग सळई कशाला धरलीन?"

त्याने टोपीने तोंड पुसलं आणि तिला उचलून न्यायला फळी आणायला गेला.

फोटो गुरुवारच्या पेपरात आला. खाटकाने तो कापून दुकानाच्या काचेवर लावला. दुसऱ्या गल्ल्यांतल्या बायका पाहायला येऊ लागल्या. हेट्टी तिकडून जायचं टाळायची. तिच्या उरलेल्या अर्ध्या घरात त्या भिंतीपलीकडे आता नुसतं आभाळ होतं, तरी दुपारी चारच्या सुमाराला ठोके पडत. वाजवायला तिकडे कुणी उरलं नाही, हे तिला कळत होतं. तरी ती किटली ठेवायची आणि दोन कप काढायची.

शेवटी मटणासाठी जावंच लागलं. रांगेत मिसेस क्रॅब होती. तिचे दोन मुलगे आरमारात, एकाचा महिनाभर पत्ता नव्हता. तिने हेट्टीला काचेपाशी ओढलं.

"रोज सकाळी तुझं हे हसू बघते नि मग कामावर जाते," ती म्हणाली. "नाहीतर अंथरुणातून उठवत नाही गं मला."

हे खरं होतं. क्रॅबबाईच्या तोंडावरच दिसत होतं. फोटो ओरबाडून काढायला उचललेला हात हेट्टीने खाली घेतला.

"आणि हा बघ," डचेसच्या टोपीमागे बोट ठेवत क्रॅबबाई म्हणाली, "मातीने माखलेला बिचारा, पण तोसुद्धा काम सोडून कसा हात हलवतोय. तुझं लक्ष गेलं होतं का गं याच्याकडे?"

"हो," हेट्टी म्हणाली. "मी बघितला होता तो हात."