अंकुशरावांची मराठी

अंकुशरावांच्या हातातली बशी निसटली आणि चहा थेट खाकी पँटीवर सांडला. ते बशीकडं नाही, स्वतःच्या उजव्या हाताकडं बघत राहिले. हात मांडीवर पडला होता, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"काय झालं वो?" नागूबाई चुलीपासून उठून आली.

त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण ओठाचा एक कोपरा खाली ओघळला होता आणि तोंडातून नुसतीच जड बडबड बाहेर पडत होती. नागूबाई घाबरून त्यांचा हात चोळू लागली. थोड्या वेळानं बोटं हलली. ओठ जागेवर आला. मूठ वळून, उघडून, पुन्हा वळून अंकुशराव हसले.

"हात झोपला व्हता. आंगाखाली आला आसंल."

"आन् तोंड? तोंड कामून वाकडं झालं व्हतं?"

"आता सरळ हाय का न्हाई? मग झालं."

"आज ड्यूटीला जाऊ नका. दवाखान्यात दाखवू."

"बरं झाल्यावर काय दाखवायचं, नागू? डॉक्टर हसंल." पँट बदलून ते निघाले.

अंकुशराव आळंद-उमरगा गाडीवर कंडक्टर होते. खजुरीत घर, घरापासून हाकेवर रस्ता. अर्ध्या वाटेवर कानडी, अर्ध्या वाटेवर मराठी. पण गाडीत त्यांच्या तोंडी कानडीच असायची. गर्दीतून वाट काढत ते दिवसभर ओरडायचे, "मुंद होगरी, मुंद होगरी!" पुढं सरका, पुढं सरका. उंबऱ्याच्या आत मात्र मराठी. नागूबाई औशाकडची. लग्न होऊन खजुरीला आली, मुलगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला, तरी पाणी आणि जेवण एवढ्याच कानडी शब्दांवर तिचं भागत होतं. तिला गरजच पडली नव्हती. घरी आल्यावर अंकुशराव दिवसभराची गाडी तिच्यासाठी मराठीत आणत. कोण बाई कोंबडं पिशवीत लपवून चढली, कुठल्या म्हाताऱ्यानं झोपेत तीन गावं ओलांडली. भाकरी थापता थापता ती ऐकायची. हसून हसून तिची भाकरी तव्यावर करपायची.

वर्षापूर्वी तपासणीत त्यांचा रक्तदाब फार वाढलेला निघाला होता. डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, लोणचं-पापड कमी करायला सांगितलं, तंबाखू सोडायला सांगितली. काही महिने त्यांनी गोळी घेतली. मग पुन्हा तपासलं, तर रक्तदाब उतरलेला.

"उतरला म्हंजी गेला," असं म्हणून त्यांनी गोळी थांबवली. तो गोळीमुळंच उतरला होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. नागूबाईनं एकदा-दोनदा टोकलं, तर म्हणाले, "मला कुठं काय दुखायलंय? दुखत न्हाई त्याला औषध कामून?" माणूस धडधाकट दिसत होता, पाय लटपटत नव्हते, भूक लागत होती.

बशी निसटल्यानंतरच्या रविवारी, सकाळी, अंकुशराव अंगणात दाढी करत होते. आरसा पडल्याचा आवाज झाला म्हणून नागूबाई बाहेर आली. ते भिंतीला टेकून तिरके घसरत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. उजवा हात, उजवा पाय गेला होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडंच बघत होते.

तिच्या ओरडण्यानं शेजारची मल्लव्वा धावत आली. मागोमाग अंकुशरावांचा धाकटा भाऊ तानाजी जीप घेऊन आला.

"कलबुर्गीला घ्या," मल्लव्वा म्हणाली. "माझ्या बापाला आसंच झालतं. येळ घालवू नका, अण्णा."

"लकवा हाय ह्यो," तानाजी म्हणाला. "लकव्याला दवाखान्यात सुई दिली की मानूस खलास. पलीकडच्या गावात एकजन पाला देतोय. चालत गेलेत लोकं तितून."

"तानाजी, बाबा, नीट इचार कर," नागूबाई म्हणाली.

"वैनी, माझाबी भाऊ हाय त्यो."

ते खोटं नव्हतं. आईमागं अंकुशरावांनीच तानाजीला वाढवलं होतं. भावाला एकट्यानं खांद्यावर घेऊन तो जीपकडं निघाला.

पाला देणाऱ्याच्या दारात रांग होती. कुणाचा हात गेलेला, कुणाची वाचा. अंकुशरावांचा नंबर दुपार कलल्यावर आला. त्या माणसानं नाकात रस पिळला, गेलेल्या हाताला धागा बांधला आणि तीन रविवार यायला सांगितलं. रस आत जाताच अंकुशरावांना जोरात ठसका लागला. त्यांचा चेहरा काळानिळा झाला. परतीच्या वाटेवर अंग तापलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली तरी ते डोळे उघडेनात, तेव्हा कुणाला न विचारता तानाजीनं जीप कलबुर्गीकडं घेतली.

तिथं शैलश्री नावाच्या डॉक्टर होत्या. मूळच्या बीदरच्या, मराठी बोलणाऱ्या. डोक्याचा फोटो बघून त्यांनी विचारलं, "हे कधी झालं?"

"काल सकाळी," नागूबाई म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं की मेंदूला रक्त नेणाऱ्या नळीत गुठळी अडकली आहे. ती विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या चार-साडेचार तासांतच देता येतं. आता मेंदूचा तेवढा भाग मेला. वर नाकातला रस छातीत उतरून न्यूमोनिया झालाय.

"आधी कधी हात लुळा पडला होता? तोंड वाकडं झालं होतं?"

"झालतं. पर लगीच बरं झालं."

"ती सूचना असते, मावशी. बरं झालं तरी त्याच दिवशी यायचं असतं."

नागूबाईनं मान हलवली. तानाजी भिंतीकडं तोंड करून उभा होता.

अंकुशराव वाचले. ताप उतरला, नाकातली नळी निघाली, पाय थोडा उचलू लागला. हात मात्र तसाच राहिला, आणि वाचा परत येईना. नागूबाई त्यांच्या कानाशी बसून म्हणायची, "नागू म्हना. मला नागू म्हना." ते जीव तोडून प्रयत्न करत. कपाळाला घाम यायचा, गळ्याच्या शिरा फुगायच्या, आणि 'न'च्या पुढं काही निघायचं नाही.

एका सकाळी नर्स बिछाना बदलत असताना त्यांच्या तोंडून स्वच्छ आवाज आला, "मुंद होगरी."

नागूबाईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. ते पुन्हा म्हणाले, "मुंद होगरी." आणि रडायला लागले, कारण त्यांना ते म्हणायचं नव्हतं.

डॉक्टर म्हणाल्या, "माणूस आत शाबूत आहे. त्यांना सगळं कळतं. शब्दांपाशी पोचायची वाट तुटलीय. दोन भाषा येणाऱ्याचं कधीकधी असं होतं, एक भाषा थोडी परत येते, दुसरी येत नाही."

"मराठी कधी येईल?"

"येईलही. बोलत राहा. पण मी शब्द देऊ शकत नाही."

घरी आल्यावर एकेक शब्द परतत गेला, तो कानडीच. पाणी हवं, जेवण नको, दुखतंय, दिवा बंद करा. बायकोला ते 'अक्का' म्हणू लागले. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक बाईला ते तसंच म्हणायचे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नागूबाई उठून न्हाणीत गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी ती मल्लव्वाच्या ओसरीवर गेली. "मला कानडी शिकीव," म्हणाली.

"ह्या वयात, अक्का?"

"मग काय करू? घरात मानूस हाय आन् बोलायला कुनी न्हाई."

तुरीच्या शेंगा सोलता सोलता मल्लव्वा शिकवायची. नागूबाईची जीभ वळायची नाही. अंकुशरावांशी बोलताना ती चुकली की ते डाव्या हातानं तिचं मनगट दाबत आणि शब्द नीट म्हणून दाखवत. एखाद्या दिवशी दोघंही हसत. तानाजी रोज यायचा, दूध ठेवायचा आणि ओसरीवरूनच परत जायचा. आत भावासमोर त्याला बसवत नसे. नागूबाई त्याला कधी काही बोलली नाही. रक्तदाबाची गोळी आता ती सकाळी चहाच्या आधी नवऱ्याच्या जिभेवर ठेवी. मल्लव्वाच्या आग्रहानं तिनं स्वतःचा दाब तपासला, तर तोही वाढलेला निघाला. तिला काहीच दुखत नव्हतं. तिनं गोळी सुरू केली.

उन्हाळ्यात तिची थोरली बहीण सावित्रीबाई औशाहून भेटायला आली. खाटेजवळ बसून तिनं डोळ्यांना पदर लावला. "पाव्हनं, वळखलं का मला? कसं हायसा?"

अंकुशरावांनी तिच्याकडं पाहिलं. त्यांनी ओळखलं होतं. त्यांचे ओठ हलले. मग हळू, पण स्पष्ट, एकही अक्षर न अडखळता ते म्हणाले, "साक आग्याद, अक्का. सायबेक."

नागूबाई पंखा हलवत होती. तिचा हात थांबला. आता पुरे झालं, मरायचंय. तिला अर्थ लावायला क्षणही लागला नाही. इतकी कानडी तिला येत होती.

"काय म्हनले गं?" सावित्रीबाईनं विचारलं.

अंकुशराव नागूबाईकडं बघत होते.

"बरं हाय म्हनायलेत," नागूबाई म्हणाली. "उन्हाचं आलाव, चहा घ्या म्हनायलेत."

आणि त्यांच्या अंगावरची चादर नीट करून ती चूल पेटवायला उठली.